पकडीचा दुग्धाभिषेक

पेपरात छापून आलेल्या त्या फोटोखालची ओळ खोटी आहे. फोटोत काचेची पेटी आहे, लाल मखमल आहे, मखमलीवर झेंडूची माळ घातलेली एक पक्कड आहे आणि पेटीमागे गंभीर चेहरे करून हात जोडलेली माणसं आहेत. खाली छापलंय, बेचाळीसच्या आंदोलनात इंग्रजांच्या तारा तोडणारी ऐतिहासिक पक्कड. ती पक्कड माझ्या वडिलांची. माझे वडील तारखात्यात लाईनमन होते आणि त्यांनी तिनं आयुष्यभर तारा जोडल्या. जोडण्यासाठी तोडावी लागते तेवढीच तोडली, त्याहून एक वीत जास्त नाही. मी पेपरवाल्यांना फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, "काका, आता छापून झालंय." म्हणजे विषय संपला! छापून झालं की खोटं खरं होतं असा काही नियम असेल तर मलाही लिहिता येतं, म्हणून बसलो आहे.

मी वर्ध्याचा. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं माझं लहानसं दुकान होतं, ते मोबाईलनं बंद पाडलं. आता दुकान नाही, पण दुकानातलं लाकडी टेबल घरी आणून मागच्या खोलीत टाकलं आहे आणि त्या टेबलावर, भिंतीवर, खिडकीच्या कट्ट्यावर माझ्या जुन्या स्वीडिश पकडी, कटर, पत्र्याच्या कात्र्या, लांब नाकाच्या पकडी आणि चिमटे आहेत. बायको त्या सगळ्यांना मिळून 'तुमचे अडकित्ते' म्हणते. "घरात पाय ठेवाले जागा नाई, अन् तुमचे अडकित्ते वाढूनच राह्यले." मी तिला अडकित्ता आणि साइड कटर यांतला फरक कितीतरी वेळा समजावून सांगितला. तिला तो समजलेला आहे, हे मला माहीत आहे. माझा चेहरा कसा होतो ते बघायला ती मुद्दाम म्हणते.

सुरुवात बाबांच्या पकडीनंच झाली. बाबा गेले तेव्हा थोरल्या भावानं सायकल घेतली, बहिणीनं समई घेतली, आणि मी पक्कड मागितली. सगळे हसले. भाऊ म्हणाला, अरे, नवी घेऊन देतो तुला, बाजारात चिक्कार मिळतात. मला तेव्हाही राग आला होता. नवी! लाल प्लास्टिकच्या मुठीची, दोन पाय एकमेकांशी भांडल्यासारखे हलणारी, एक जाड तार कापली की धारेला दात पडणारी! बाबांच्या पकडीची धार बंद करून उजेडाकडे धरा, मधून किरण येत नाही. दोन पाय जोडणारी खीळ इतकी साफ घासलेली की बोट फिरवलं तरी कळत नाही. मुठीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत स्वीडनचं नाव ठोकलेलं. स्वीडन कुठे आहे हे मला त्या वेळी नकाशावरही पटकन दाखवता आलं नसतं. पण तिकडच्या कुठल्यातरी कारखान्यात कोणीतरी माणूस वर्ध्यातल्या लाईनमनच्या हाताचा विचार करून बसला होता, एवढं मला दुकानात रोज ती पक्कड हाताळताना पटत गेलं.

मग मी तशाच दुसऱ्या शोधायला लागलो. त्या काळी असा परदेशी माल आपल्याकडे सरकारी खात्यांतून, रेल्वेतून, जिनिंगच्या कारखान्यांतून यायचा, आणि कारखाने बंद पडले, माणसं निवृत्त झाली की तो घराघरांत पांगायचा. पांगून त्याचं काय व्हायचं ते सांगताना आजही माझं डोकं फिरतं. आंजीला एका किराणा दुकानात मी लांब नाकाची स्वीडिश पक्कड गुळाची भेली फोडताना पाहिली. फोडताना म्हणजे पकडून नव्हे, उलटी धरून, हातोडीसारखी! वडनेरला बकऱ्यांच्या कोठ्याच्या कडीत कुलपाऐवजी पत्र्याची कात्री अडकवलेली. बकऱ्यांच्या मुताची वाफ खाऊन ती इतकी गंजली होती की घरमालकाला ती कात्री आहे हेच ठाऊक नव्हतं. "हे? हे तं कडी व्हय," तो म्हणाला. मी त्याला नवी चकचकीत कडी नेऊन दिली आणि ती सोडवली. रॉकेलमध्ये बुडवून ठेवली, पितळी ब्रशनं घासली, शिलाई मशीनचं तेल दिलं, आणि एका संध्याकाळी ती कुरकुरत उघडली तेव्हा मी एकटाच त्या खोलीत 'वा!' असं ओरडलो. बायको धावत आली. तिला वाटलं करंट लागला.

कोणी संग्राहक म्हटलं की मला आवडत नाही. पुण्याकडच्या एका गृहस्थांनी एकदा फोन करून माझं सगळं घ्यायची तयारी दाखवली होती. मी विचारलं, तुम्ही वापरता का? ते म्हणाले, छे छे, वापरलं की किंमत उतरते. मी फोन ठेवून दिला. माझ्या खोलीतली प्रत्येक पक्कड चालते. शेजारच्या कोणाचा मिक्सर बिघडला तर मी त्यांतलीच एक घेऊन जातो. मात्र उसनी देत नाही. आपल्याकडे 'जरा प्लास द्या' म्हणणारा माणूस ती परत आणतो तेव्हा ती प्लास राहिलेली नसते. तिनं खिळे ठोकलेले असतात, नारळ फोडलेला असतो, स्कूटरच्या खाली काहीतरी उकललेलं असतं. वर हसून म्हणतात, लोखंडच तर आहे, त्याला काय होतंय!

तरीही मी बाबांची पक्कड दिली. का दिली, ते सांगायलाच हवं, कारण सगळा मामला तिथून सुरू होतो.

आष्टीच्या बाजूला एक गाव आहे. नाव लिहीत नाही, गावाचा दोष नाही. तिथे एकाचं हार्डवेअरचं दुकान आहे. मी लोकांकडून जुनी पक्कड घेतो तेव्हा बदल्यात त्यांना नवी देतो, आणि त्या भागात गेलो की नव्या पकडी याच्याच दुकानातून घेतो, त्यामुळे आमची ओळख. गोड बोलतो, चहा पाजतो. गेल्या पावसाळ्यात तो थेट माझ्या घरी आला. त्यांच्या गावात ऑगस्टमध्ये बेचाळीसच्या आठवणीचा मोठा कार्यक्रम करायचा ठरला होता आणि तो समितीचा अध्यक्ष झाला होता. सोबत जुन्या अवजारांचं प्रदर्शन मांडायचं होतं. मी म्हटलं, घेऊन जा दहा-बारा नग, पण बाबांची पक्कड मिळणार नाही. त्यावर तो भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे बघत राहिला आणि म्हणाला, "भाऊ, तुमच्या बाबांनी आमच्याच भागात काम केलं ना? आमच्या गावात पैला फोन लागला तं तार तेयनंच ओढली असन. लाईनमनबद्दल कोनी बोलत नाई, पाहा. फोटो द्या. फोटो अन् पक्कड, दोन्ही संग ठेवतो. खाली तेयचं नाव लिहितो."

माझ्या मनात पन्नास वर्षं जे होतं ते त्यानं एका वाक्यात म्हटलं. मी भिंतीवरून फोटो काढून त्याच्या हातात दिला. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला.

बाबांबद्दल खरंच कोणी बोललं नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावर काही वर्षांनी ते नोकरीत लागले. नव्या लाईनमनना साहेबांनी अवजारं वाटली तेव्हा ही पक्कड त्यांना तेलकट कागदात गुंडाळलेली, कोरी मिळाली, असं ते सांगत. दुसऱ्या कोणाशी अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांनी मुठीवर खिळ्यानं स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं. ते जरा वाकडं आलं, त्याचं त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटे. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं जुनी म्हणून ती त्यांनाच देऊन टाकली.

वादळ झालं, झाड पडलं, तार तुटली की बाबा सायकलला दोर आणि पट्टा बांधून निघत. आर्वी, आष्टी, कारंजा, सगळा तो भाग त्यांनी खांबाखांबानं ओळखलेला होता. खांबावर चढायचं, पट्टा कमरेला आवळायचा, तारेची दोन टोकं पकडीनं ओढून एकमेकांवर पीळ देत जायचं. पीळ सारखा पडला पाहिजे, नाहीतर वाऱ्यात सुटतो. मग बरोबर नेलेला फोन तारेला लावून ते विचारत, "येते का आवाज?" पलीकडून 'येते' आलं की खाली उतरत. बस. त्यानंतर त्या तारेवरून कोण काय बोललं, कोणाच्या मुलीचं लग्न जमलं, कोणाचा माणूस गेला, याच्याशी त्यांचा संबंध नसे. त्यांचा हात उजव्या अंगठ्याच्या मुळाशी पकडीच्या मुठीसारखाच गुळगुळीत झाला होता. कधी हार नाही, कधी शाल नाही. तार तुटलेली असताना लोक शिव्या द्यायचे, जोडली की विसरायचे. या देशात काही चालू असलं की ते कोणाला दिसतच नाही, बंद पडलं तरच दिसतं.

तर कार्यक्रमाच्या दिवशी मी आणि बायको सकाळच्या एसटीनं गेलो. मी इस्त्रीचा सदरा घातला होता. बायकोनं मला म्हटलंसुद्धा, "आज तुमचाच सत्कार असल्यावानी दिसून राह्यले." तिला खोटं पाडावं असं मला वाटलं नाही.

शाळेच्या पटांगणात मांडव. गर्दी चांगली. एका बाजूला लांब टेबलावर माझी अवजारं मांडलेली, त्यांच्यावर एक कार्यकर्ता कोपर टेकून वडा खात बसला होता. ठीक आहे, म्हटलं, नंतर पुसून घेऊ. पण बाबांची पक्कड त्यात नव्हती. फोटोही नव्हता. मी शोधत पुढे गेलो, तर स्टेजच्या समोर बायांची रांग. रांगेच्या टोकाला काचेची पेटी. पेटीचं झाकण उघडं. आणि एक भटजी चांदीच्या गडव्यातून बाबांच्या पकडीवर दूध ओतत होते.

दूध! मग दही. मग मध, साखर. स्पीकरवरून निवेदक ओरडत होता, "क्रांतिकारकांच्या पवित्र शस्त्राला दुग्धाभिषेक!" लोक टाळ्या वाजवत होते. मला आधी काही समजेना. दूध पकडीच्या सांध्यात शिरत होतं, दही दात्यांमध्ये बसत होतं. दह्याचा आंबटपणा पोलादाला खातो. त्या सांध्यात बाबांनी आणि त्यांच्यानंतर मी वर्षानुवर्षं थेंब थेंब तेल सोडलेलं होतं. वरून कोणीतरी हळद-कुंकू वाहिलं. आणि मग मी पेटीच्या मागचा बोर्ड वाचला. पेपरात छापून आली तीच ती ओळ. खाली आणखी एक होती. 'मुठीवर कोरलेलं अक्षर हा क्रांतिकारकांचा गुप्त संकेत होता.'

माझ्या बापाच्या नावाचं वाकडं अक्षर, आणि म्हणे गुप्त संकेत! बायकोनं माझा दंड धरला, मी सोडवला.

अध्यक्ष स्टेजच्या पायरीवर उभा होता, गळ्यात तिरंगी उपरणं. मी त्याला गाठून विचारलं, हे काय चाललंय? तो मला बघून खूश झाला. खरंच झाला. "या भाऊ, या! पाह्यलं काय? लोकं सकाळपासून दर्शन घेऊन राह्यले."

"ती माझ्या बाबांची पक्कड आहे."

"हो ना. तुमच्यामुळंच तं मिळाली."

"तिनं कोणीही बेचाळीसमध्ये तारा तोडल्या नाहीत. ती आलीच मागाहून. बाबा तेव्हा पोरगे होते. तुला सगळं सांगितलं होतं मी!"

"काऊन एवढे तापून राह्यले भाऊ?" तो आवाज खाली आणून म्हणाला. "गावाजवळ त्या वक्ताचं काहीच नाई. लोकायले पाह्यले काहीतरी पाह्यजे ना. तशीच असन की पक्कड तेव्हाची. असन तं काय, हीच समजा."

"आणि फोटो? नाव लिहितो म्हणाला होतास."

त्यावर त्यानं जे सांगितलं ते त्यानं मनापासून, मला समजावण्यासाठी सांगितलं, हे जास्त वाईट. "भाऊ, आजचा कार्यक्रम तोडणाऱ्यायचा आहे. जोडणाऱ्याचा फोटो त्यात कसा लावू? लोकं म्हणतीन, हे तं सरकारचे माणूस. आभारात टाकतो ना मी. सौजन्य म्हणून तुमचं नाव घेतो."

सौजन्य! मी ओरडलो. मला आठवतंय, मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की निवेदक थांबला. म्हटलं, तारा तोडल्या ते मोठेच, त्यांच्या पायाशी मी डोकं ठेवीन, पण स्वातंत्र्य आल्यावर त्या तारा आपोआप जोडल्या गेल्या का रे? तुझ्या दुकानात फोन लागला तो आकाशातून पडला? सरकारचा माणूस म्हणतोस, कोणाचं सरकार? आपलंच ना? मग खांबावर कोण चढलं? तुझा बोर्ड चढला?

लोक जमले. कोणीतरी म्हणालं, हा कोण? कोणीतरी म्हणालं, शहिदांचा अपमान करून राह्यला. दोन तरणे जवळ सरकले. एकानं माझ्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, काका, बाहेर चला. बायको मध्ये आली. घरी माझ्या अडकित्त्यांना नावं ठेवणारी ही बाई त्या पोराला म्हणाली, "हात काढ. माह्या सासऱ्याची वस्तू आहे ते. घेतल्याबिगर आमी जात नाई." आणि तिनं पेटीच्या कडेला हात टाकून तिथंच बैठक मारली. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

या सगळ्यात स्टेजवर एक म्हातारी बसलेली होती. तिची ओळख निवेदकानं थोड्या वेळापूर्वीच करून दिली होती. ज्यांनी त्या गावात तारा तोडल्या आणि त्यासाठी तुरुंगात गेले, त्यांची ती मुलगी. तिला शाल आणि नारळ दिलेला होता, नारळ मांडीवर घेऊन ती अंग चोरून बसली होती. ती उठली. काठी टेकत पायऱ्या उतरली. लोकांनी वाट करून दिली, अध्यक्ष हात द्यायला धावला. तिनं हात घेतला नाही.

"काय भांडण व्हय?" तिनं मला विचारलं.

मी सांगितलं. तिच्यापुढे ओरडता येईना. म्हटलं, आजी, ही पक्कड माझ्या वडिलांची. ते लाईनमन होते. तुमच्या वडिलांनी केलं ते फार मोठं, पण ते या पकडीनं नाही केलं.

"मले काय सांगतं बाप्पा," ती म्हणाली, "मले माईत नाई काय? सकायपासून पाहून राह्यली मी. माह्या बापानं अशी वस्तू जल्मात पाह्यली नाई. पकड कुठची आनीन तो? कुऱ्हाड होती घरात. त्यानं खांबच पाडला कुऱ्हाडीनं. खांब पडला तशी तार तुटली. मी एवढीशी होती, पन माय सांगे."

अध्यक्ष घाईनं म्हणाला, "आजी, ते आपण नंतर पाहू."

"नंतर काऊन?" ती त्याच्याकडे वळली, आणि मला कळलं की त्या पटांगणात माझ्याहून जास्त संतापलेलं माणूस दुसरंच होतं. "तू घरी आलता तवा सांगतलं होतं ना म्या? कुऱ्हाड दाखोली होती. आजूनबी आहे म्हनलं, नेजो. तू काय म्हनला? सांग ना आता सगळ्यायले. म्हने आजी, कुऱ्हाड तं कोनाच्याबी घरी असते, ते पाह्यले कोन येईन!"

अध्यक्षाची मान खाली गेली. लाजेनं गेली की मोबाईल बघायला, मला नक्की सांगता येत नाही. माझा त्याच्यावरचा राग अजूनही गेलेला नाही आणि मला तो घालवायचाही नाही. या माणसाला खऱ्या माणसाची खरी कुऱ्हाड दाखवली होती. ती साधी दिसते म्हणून त्यानं नाकारली. आणि वर्ध्याहून माझ्या बापाची पक्कड आणली, कारण ती परदेशी, सुबक, फोटोत छान दिसणारी. त्यानं एका दिवसात दोन बाप पुसले. एकाचं अवजार चोरून दुसऱ्याला दिलं, आणि दुसऱ्याचं अवजार साधं म्हणून फेकून दिलं.

म्हातारीनं पेटीत हात घातला. झेंडूची माळ बाजूला सारली. दूध-दह्यात बरबटलेली पक्कड उचलून तिनं डोळ्यांजवळ नेली, उघडून मिटवून पाहिली. मग अंगावरची सत्काराची नवी कोरी शाल ओढून तिच्या पदरानं ती पुसायला लागली. भटजी "अहो आजी, शाल..." असं म्हणाले. तिनं लक्ष दिलं नाही. दात्यांमधलं दही तिनं नखानं काढलं. सांध्यातलं कुंकू शालीचं टोक पिळून काढलं. पांढऱ्या शालीला हळदीकुंकवाचे आणि तेलाचे डाग पडले. पुसून झाल्यावर तिनं पक्कड माझ्या हातात दिली.

"फोटो कुठं हाय तुह्या बापाचा?"

बायकोनं तो शोधला. स्टेजच्या मागे खुर्च्यांच्या थप्पीवर पालथा पडलेला होता. म्हातारीनं काच शालीनंच पुसली आणि बराच वेळ चेहरा पाहिला. मला वाटलं ती म्हणेल की मी यांना ओळखते, आमच्याकडे यायचे. पण तसं काही नव्हतं. ती म्हणाली, "नाई ओयखत मी. नाव काय होतं?"

मी नाव सांगितलं.

ती निवेदकाजवळ गेली आणि त्याच्या हातातून माईक घेतला. "आयका," ती म्हणाली. "तार तोडली माह्या बापानं." आणि तिनं आपल्या वडिलांचं पूर्ण नाव घेतलं, त्यांच्या वडिलांच्या नावासकट. "कुऱ्हाडीनं तोडली. पकडीनं नाई. अन् मंग जवा आपलं राज्य आलं, तवा तार जोडली ह्यानं..."

एवढ्यात माईक बंद झाला. अध्यक्षानं मंडपवाल्याला हातानं खूण केलेली मी स्वतः पाहिली. म्हातारीनं माईक हलवून बघितला, त्यावर दोनदा बोटानं टकटक केलं आणि तो निवेदकाला परत देऊन टाकला. मग फोटो दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला आणि आहे त्या आवाजात, मागच्या रांगेपर्यंत जाईल असं, माझ्या वडिलांचं नाव घेतलं.